नवतपा : रोहिणीचे नऊ दिवस

मे महिन्याचा शेवटचा आठवडा जवळ आला की इतवारीपासून कळमन्यापर्यंत पेढ्यापेढ्यांवर एकच चौकशी सुरू होते : यंदाचा नवतपा कसा जाणार? बियाण्यांचा व्यापारी असो, कापडाचा असो वा डाळ मिलचा मालक असो, सारेच या नऊ दिवसांकडे डोळे लावून बसतात. विदर्भातील उधारीची वसुली अखेर पावसावर अवलंबून आणि पावसाचे भाकीत नवतप्यावर, अशी येथील जुनी समजूत आहे. नवतपा कडक तापला तर पाऊस चांगला. त्या दिवसांत सरी कोसळल्या, म्हणजे नवतपा ‘गळला’, तर वर्ष कठीण. ही समजूत आली कोठून, तिच्यात तथ्य किती आणि तिच्यापायी आपण जे करतो किंवा करावयाचे टाळतो त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार या वेळी करू.

नवतप्याची व्याख्या साधी आहे. सूर्य आपल्या वार्षिक भ्रमणात २७ नक्षत्रांतून जातो आणि प्रत्येकात सुमारे साडेतेरा दिवस राहतो. २५ मेच्या सुमारास तो रोहिणीत प्रवेश करतो. त्या प्रवेशापासूनचे पहिले नऊ दिवस म्हणजे नवतपा. पुढे ७-८ जूनला मृग लागतो आणि शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रे सुरू होतात. ऋतूचा हिशेब सूर्य-नक्षत्रांवरून मांडण्याची ही रीत आपल्या देशात फार जुनी आहे. जैन परंपरेतील ‘सूर्यप्रज्ञप्ती’ या ग्रंथातही सूर्याच्या १८४ मंडलांचे व अभिजितासह २८ नक्षत्रांचे सविस्तर विवेचन आढळते. छापील पंचांग घरोघरी नसताना आकाश हेच सर्वांचे पंचांग होते.

असेच एक पंचांग युरोपातही होते. प्राचीन ग्रीक व रोमन लोक उन्हाळ्यातील सर्वांत दाहक काळाला ‘श्वानाचे दिवस’ म्हणत. नाव ऐकून वाटते तसा त्याचा गल्लीत धापा टाकणाऱ्या कुत्र्यांशी मूळ संबंध नाही. आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा त्यांच्या कल्पनेत एका शिकारी कुत्र्याच्या आकृतीत होता. काही आठवडे सूर्याच्या तेजात लुप्त राहून तो तारा ऐन उन्हाळ्यात पहाटे पुन्हा क्षितिजावर दिसू लागे, आणि त्याच सुमारास उष्मा शिगेला पोचे. इजिप्तमध्ये तर याच ताऱ्याचे पहाटेचे दर्शन नाईलच्या पुराची चाहूल मानले जाई. एकाच ताऱ्याने एका देशाला दाहाची वार्ता दिली आणि दुसऱ्याला पाण्याची.

हा तारा आपल्याला परका नाही. आपण त्याला व्याध म्हणतो. रोहिणीच्या मागे धावणारा मृग आणि त्या मृगाला बाण मारणारा व्याध, ही कथा आपल्या प्राचीन वाङ्मयात आहे, आणि ती आकाशात जशीच्या तशी पाहता येते. मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांची सरळ रांग म्हणजे तो बाण. ती रेषा एका बाजूला वाढवली तर आपण तांबूस रोहिणीजवळ जातो, दुसऱ्या बाजूला वाढवली तर लखलखत्या व्याधापाशी. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात वेदकाळाचा शोध घेण्यासाठी याच मृग नक्षत्राचा आधार घेतला होता. म्हणजे आपला नवतपा आणि पाश्चात्त्यांचे श्वानदिन हे आकाशाच्या एकाच कोपऱ्यातले शेजारी आहेत. मात्र नवतप्यात रोहिणी दिसत नाही. सूर्य तिच्यापाशी असल्याने ती त्याच्या तेजात बुडालेली असते. तिला पाहावयाचे तर डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी, नागपूरच्या थंडीत, गच्चीवर जावे लागते.

यावरून एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. नक्षत्रामुळे उष्मा होतो, की नक्षत्र केवळ उष्म्याची वेळ सांगते? रोमन काळात पुष्कळांना वाटे की त्या ताऱ्याची उष्णता सूर्याच्या उष्णतेत मिसळते आणि म्हणून पृथ्वी भाजते. गेमिनस नावाच्या ग्रीक ज्योतिर्विदाने दोन हजार वर्षांपूर्वीच हे खोडून काढले. त्याचे म्हणणे असे की तारा ही खूण आहे, कारण नव्हे. ताप सूर्याचा आहे. रोहिणीचेही तसेच. पृथ्वीच्या अक्षाच्या मंद परांचन गतीमुळे सूर्याचा रोहिणीप्रवेश साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. हजार वर्षांपूर्वी तो ऋतूच्या मानाने सुमारे चौदा दिवस आधी होत असे. उष्मा मात्र रोहिणीच्या मागोमाग सरकलेला नाही. पेढीच्या भिंतीवरील घड्याळ बारा वाजल्याचे सांगते, पण बारा वाजवीत नाही. नक्षत्राचे काम एवढेच.

मग मेअखेरीस नागपूर इतके का तापते? पहिले कारण डोक्यावर आहे. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. उत्तरेकडे सरकणारा सूर्य २६ मेच्या सुमारास बरोबर आपल्या माथ्यावर येतो. त्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस नवतप्याच्या अगदी आरंभी पडतो. घरातील मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवावा. गच्चीवर एक सरळ डबा ठेवला तरी पुरे. दुसरे कारण भूगोलाचे. समुद्र दोन्ही बाजूंनी दूर, आकाश निरभ्र, जमीन कोरडी आणि वायव्येकडून येणारे रखरखीत वारे. सूर्य जुलैच्या मध्यात दक्षिणेकडे परतताना पुन्हा एकदा आपल्या माथ्यावर येतो, परंतु तेव्हा ढगांचे छत्र असते, म्हणून तो जाणवत नाही. युरोपात असे छत्र नाही. तेथे जमीन व समुद्र हळूहळू तापत जातात आणि उष्म्याचा कळस जुलै-ऑगस्टमध्ये येतो. आपल्याकडे पावसाळा तो कळस मध्येच थांबवतो.

‘तापेल तर बरसेल’ या समजुतीत थोडे तथ्य आहे. उन्हाळ्यात राजस्थान व सिंधच्या बाजूला जमीन तापून कमी दाबाचा विस्तीर्ण पट्टा तयार होतो आणि तो समुद्रावरील बाष्पयुक्त वाऱ्यांना आत ओढण्यास साहाय्य करतो. परंतु ही यंत्रणा अर्ध्या खंडाची आहे. प्रशांत महासागराच्या पाण्याचे तापमान, हिंदी महासागराची स्थिती, वरच्या थरांतील वारे, अशा अनेक गोष्टींचा तिच्यात वाटा असतो. एका शहरात एका आठवड्यात वळवाच्या दोन सरी आल्या म्हणून चार महिन्यांचा पाऊस रुसत नाही. तेव्हा मालाची खरेदी नवतप्याच्या भरवशावर न ठरवता हवामान खात्याचे दीर्घ मुदतीचे अंदाज पाहून ठरवावी, हे उत्तम.

नवतप्याच्या समजुतीत याहून मोठा धोका दडलेला आहे. नऊ दिवसांची चौकट मनात घट्ट बसली की त्याआधीचा ताप आपल्याला ‘नेहमीचा’ वाटू लागतो. नागपूरचे ४७.९ अंश सेल्सिअस हे विक्रमी तापमान नोंदले गेले ते २३ मे २०१३ रोजी, म्हणजे नवतपा लागण्याच्या दोन दिवस आधी. हवामान खाते मैदानी प्रदेशात ४५ अंशांना उष्णतेची लाट आणि ४७ अंशांना तीव्र लाट मानते. ते पंचांग पाहत नाही. उलट बाजूही आहे. २०२४ च्या नवतप्यात शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि क्षणात ती बातमी देशभर पसरली. नंतर तो यंत्राचा दोष असल्याचा खुलासा झाला. भीती असो वा बेफिकिरी, दोन्ही चुकीच्या आकड्यावर उभ्या राहू नयेत. आणखी एक ध्यानात ठेवावे. हवामान खात्याचा आकडा सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. उन्हात, डांबरी रस्त्यावर, पत्र्याच्या गोदामाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याहून कितीतरी अधिक ताप सोसावा लागतो.

तो माणूस कोण, याचा विचार आपण करावयास हवा. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीच्या थंड डोंगरावर जात असे. हमाल, टांगेवाला आणि पाथरवट मात्र येथेच राहत. आजही चित्र फारसे बदललेले नाही. आपण कूलरच्या किंवा वातानुकूलित गारव्यात बसून ‘नवतपा चांगला तापतोय, पाऊस छान होईल’ असे समाधानाने म्हणतो, त्याच वेळी आपल्याच दारात कोणी पन्नास किलोंचे पोते पाठीवर घेऊन ट्रक रिकामा करीत असतो. पावसाचा लाभ सर्वांना मिळणार असेल, तर तापाचा भार एकट्याच्या पाठीवर का?

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मुलांसाठी समाजाने वेळापत्रक बदलले, मग श्रमिकांसाठी ते का बदलू नये? अहमदाबादने २०१३ साली उष्णतेशी लढण्याचा शहरव्यापी आराखडा आखला, नंतर नागपूरनेही तो मार्ग धरला. परंतु आराखडा महापालिकेचा असला तरी पेढीचे दार आपले आहे. माल उतरवण्याचे काम सकाळी अकराच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर ठेवावे. दुपारी काम थांबले म्हणून मजुरी कापू नये. मजुरी कापली जाणार असेल तर तो हमाल सावलीत बसणार नाही, हे उघड आहे. गोदामाच्या दाराशी सावलीचे कापड, थंड पाण्याचा माठ आणि मीठ-साखरेचे पाणी असावे. वसुलीस जाणाऱ्या पोऱ्याला दुपारी दुचाकीवर पाठवू नये. पाणपोई घालणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते. मात्र ती २५ मेची वाट न पाहता मार्चअखेरीस सुरू व्हावी आणि पाऊस स्थिरावेपर्यंत चालावी.

घरातही काही गोष्टी पाळाव्यात. वृद्ध, लहान मुले, गर्भवती आणि मधुमेह वा रक्तदाबाची औषधे घेणारी मंडळी यांना उष्णता लवकर बाधते. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम असणाऱ्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता दिवसभर थोडे थोडे पाणी, ताक, कैरीचे पन्हे घेत राहावे. तपश्चर्या करणाऱ्या वयस्कर व्यक्तींनी गुरुमहाराज व डॉक्टर या दोघांचाही सल्ला घ्यावा. ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून लाल झाले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्याला तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि विलंब न लावता रुग्णालयात पोचवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. खिशात कांदा ठेवल्याने हे टळत नाही.

पूर्वजांनी रोहिणीचे नऊ दिवस वेगळे काढून ठेवले, त्यामागे सावधगिरी होती. आकाश पाहून त्यांनी सांगितले की आता जपा. ती सूचना आपण पावसाच्या सट्ट्यासाठी वापरतो आणि तिच्यातील जपणूक विसरतो. यंदा नवतप्याची चौकशी करताना पावसाबरोबर आणखी एका गोष्टीची चौकशी प्रत्येक पेढीवर व्हावी : आपल्या दारात राबणाऱ्याला आज सावली आणि पाणी मिळाले का? मृगाचा पहिला पाऊस पडेल तेव्हा तो पाहण्यास आपल्या पेढीवरील प्रत्येक माणूस धडधाकट असावा, इतकी काळजी आपल्या हातात आहे.