गणपती शाडूचा की प्लास्टरचा?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते. प्लास्टरची तळाशी पडून राहते व तिचे रंग पाणी नासवितात. वडखळजवळील आंबा नदी व धरमतर खाडीत मासळी धरून पोट भरणाऱ्यांचे नुकसान कोण भरून देणार? 2020 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर वर्ज्य ठरविले. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास मोकळीक दिली. या ओढाताणीत पेण-हमरापूरच्या मूर्तिकारांस दोष देणे अन्यायाचे आहे. गिऱ्हाईक उंच, हलकी, स्वस्त मूर्ती मागते, म्हणून ते ती घडवितात. तेव्हा घरापुरती वीतभर शाडूची मूर्ती सांगा, विसार आगाऊ द्या, कर्ज काढून थाट करू नका. भक्ती काही हाताने मोजायची वस्तू नव्हे.