निषेधाची भाषा आणि कब्रस्तानाचे दार

दहशतवादी हल्ला झाला की मुंबईत दोन गोष्टी ठरल्यासारख्या घडतात. मुस्लिम धर्मगुरू आणि राजकीय नेते हल्ल्याचा निषेध करतात. आणि 'हे लोक निषेध का करीत नाहीत,' असा प्रश्न लोकलच्या डब्यात विचारला जातो. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे पर्यटकांची हत्या झाली, तेव्हा एमआयएमचे नेते असदुद्दीन ओवेसी यांनी शुक्रवारच्या नमाजाला काळ्या फिती लावून येण्याचे आवाहन केले होते. प्रश्न मात्र संपला नाही. निषेध होऊनही तो ऐकू का येत नाही, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

उपनगरांच्या जखमा

हा प्रश्न विचारणाऱ्या उपनगरवासीयांची भीती काल्पनिक नाही. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपरला बसमध्ये, २७ जानेवारी २००३ रोजी विलेपार्ल्यात आणि १३ मार्च २००३ रोजी मुलुंड येथे लोकलमध्ये स्फोट झाले. त्याच वर्षी जुलैत घाटकोपरला पुन्हा बस लक्ष्य झाली. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट होऊन १८०हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. खार, जोगेश्वरी, बोरिवली ही नावे त्या संध्याकाळशी कायमची जोडली गेली. मात्र त्या लोकलमधून सर्वच धर्मांचे चाकरमानी प्रवास करीत होते, याचा विसर अनेकदा पडतो.

ठरावाचे दोन भाग

२५ फेब्रुवारी २००८ रोजी देवबंदच्या दारुल उलूमने देशभरातील उलेमांची दहशतवादविरोधी परिषद भरविली. निरपराधांची हत्या इस्लामला मान्य नाही, असे या परिषदेने नि:संदिग्धपणे जाहीर केले. ३१ मे रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर तसा फतवाही काढण्यात आला. देवबंदच्या जाहीरनाम्यात आणखी एक भाग होता: दहशतवादाच्या नावाखाली निर्दोष मुस्लिम तरुणांना अडकविले जात असल्याची तक्रार. बहुसंख्याकांना त्यात निषेधाला जोडलेली पळवाट दिसली, तर मोहल्ल्यातील अनेकांना तोच भाग आपल्या मनातला वाटला.

मुंबईपुरते पाहिले तर या तक्रारीला आधार आहे. घाटकोपरच्या २००२च्या स्फोटातील आरोपी २००५मध्ये विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. याच प्रकरणात पकडलेला ख्वाजा युनूस हा तरुण पोलिस कोठडीतून परतलाच नाही. २००६च्या रेल्वे स्फोटांतील सर्व १२ आरोपींची दोषसिद्धी मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर त्या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र तुरुंगात परत पाठविले नाही. दुसरीकडे, मुलुंड आणि विलेपार्ल्याच्या स्फोटांत २०१६मध्ये दोषी ठरलेल्यांना शिक्षा झाल्या, हेही तितकेच खरे. त्यामुळे सारेच तपास खोटे, असे म्हणून कोणत्याही नेत्याला सुटता येणार नाही. तपास चुकला की मृतांच्या नातेवाइकांनाही न्याय मिळत नाही, हे सरकारने ओळखले पाहिजे.

शब्दांपलीकडचा निषेध

२६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर मुंबईतील मुस्लिम समाजाने ठरावाच्या पुढचे पाऊल टाकले. ठार झालेल्या नऊ दहशतवाद्यांना दफनासाठी जागा देण्यास मरीन लाइन्सचे बडा कब्रस्तान सांभाळणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. बेवारस मुस्लिम मृतदेहाचेही दफन करणे हे धार्मिक कर्तव्य मानले जाते. त्यामुळे हा नकार साधा नव्हता. निरपराधांना मारणारे आपल्या धर्माचे नाहीत, हे येथे कृतीने सांगितले गेले. अनेकांनी त्या डिसेंबरात बकरी ईद काळ्या फिती लावून पाळली. मृतदेह वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात राहिले. जानेवारी २०१०मध्ये त्यांचे गुप्तपणे दफन केल्याचे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी एप्रिलमध्ये विधिमंडळात सांगितले. ट्रस्टच्या नकाराची दखल परदेशी वृत्तपत्रांनीही घेतली.

मोहल्ल्यातील काम

पुढचे आव्हान मोबाइलच्या पडद्यावरून आले. २०१४मध्ये कल्याणचे चार तरुण 'इसिस'साठी इराकला गेले. २०१५च्या अखेरीस मालाडच्या मालवणीतून काही तरुण बेपत्ता झाले. त्याच वर्षी देशातील हजाराहून अधिक उलेमांच्या स्वाक्षऱ्यांचा 'इसिस'विरोधी फतवा मुंबईतून संयुक्त राष्ट्रांकडे पाठविला गेला. पण एकट्याने इंटरनेटवर बसणारा तरुण फतवा वाचेलच असे नाही. त्याच्यातील बदल आधी आई-वडिलांना, शेजाऱ्यांना आणि मशिदीतील इमामाला जाणवतो. म्हणून दहशतवादविरोधी पथकाने पुढे मौलवी व पालकांच्या मदतीने तरुणांच्या समुपदेशनाचा मार्ग धरला. मात्र मुलगा पोलिसांत नेला तर तो समजावून परत पाठविला जाईल की वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत पडेल, याची खात्री नसेल तर कोणते आई-वडील पोलिस ठाण्याची पायरी चढतील?

कोण्या हल्लेखोराच्या कृत्याचा जाब अंधेरी किंवा मुलुंडच्या मुस्लिम शेजाऱ्याला विचारणे अन्यायकारक आहे. धर्माच्या नावाने बोलणाऱ्या नेत्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी हल्ल्याच्या दिवशी कोणतीही पुस्ती न जोडता निषेध करावा; अन्याय्य अटकांविरुद्ध स्वतंत्रपणे, तितक्याच जोराने बोलावे. हल्ल्याची वाट न पाहता जुम्म्याच्या खुतब्यात हा विषय घ्यावा. उर्वरित समाजानेही तो आवाज ऐकण्याची तयारी ठेवली, तर पुढचा कल्याण वा मालवणीतला तरुण वेळीच अडविला जाण्याची शक्यता वाढेल.