बग सांगणाऱ्यालाच बाहेर?

प्रेमकथा म्हटलं की आपण नाक मुरडतो. मीही मुरडायचो. पण अमेरिकेतल्या रोमान्स लेखिकांबद्दल वाचलं आणि जरा वरमलो. १९८० साली ह्यूस्टनमध्ये ३७ जणांनी 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' ही संस्था काढली. त्यात व्हिव्हियन स्टीफन्स ही कृष्णवर्णीय संपादिका आघाडीवर होती. एकही पुस्तक न छापलेल्यालाही इथे सभासद होता यायचं. लिहायचं कसं, करार कसा वाचायचा, हे स्पर्धकच एकमेकींना शिकवायच्या. अगदी आपल्या ओपन सोर्ससारखं!

आणि तरीही संस्थेचा 'रिटा' पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकेला पहिल्यांदा मिळाला तो थेट २०१९ मध्ये. त्याच वर्षी कोर्टनी मिलान या लेखिकेने एका कादंबरीतलं चिनी लोकांचं चित्रण वंशवादी आहे असं जाहीरपणे म्हटलं. डिसेंबरात संस्थेने तिलाच निलंबित केलं! बोंबाबोंब झाल्यावर निर्णय फिरवला, पण तोवर माणसं तुटली होती. पुढे पुरस्काराला व्हिव्हियनचं नाव दिलं. सभासद घटत गेले, संमेलनांसाठी हॉटेलांशी केलेले करार अंगावर आले आणि मे २०२४ मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मला यात आमच्या टीम मीटिंगा दिसतात. टेस्टरने बग दाखवला की आधी त्याच्या 'टोन'वर चर्चा. आपुलकी खोटी नसते हो, पण चूक दाखवणाऱ्याला ती पुरते का, हे बघायला हवं. नाहीतर टेस्टर जातो आणि बग तिथेच राहतो.

असो. सोमवारी माझंही एक रिव्ह्यू आहे. बघू, मला किती जमतंय ते.