उंदीर, पण नेमका कोणता?



परिसर अभ्यासाच्या तासाला ‘उंदीर’ म्हटलं की मुलांची उत्तरं ठरलेली असतात. गणपतीबाप्पाचं वाहन. धान्य खातो. वह्या-कपडे कुरतडतो. रोग पसरवतो. आपणही तेच फळ्यावर लिहितो आणि पुढच्या प्राण्याकडे वळतो. यातलं एकही उत्तर चुकीचं नाही. पण ही सगळी उत्तरं माणसाच्या घरात आणि शेतात राहणाऱ्या मोजक्या उंदरांची आहेत. बाकीच्या उंदरांचं काय? आज मी तुम्हाला अशाच एका उंदराची ओळख करून देणार आहे, आणि त्यानिमित्ताने माझं एक मतही मांडणार आहे.

तमिळनाडूतले निलगिरी पर्वत आपल्या सह्याद्रीच्याच रांगेत येतात. तिथल्या उंच, थंड, धुक्याच्या जंगलात एक छोटा उंदीर राहतो. त्याचं शास्त्रीय नाव ‘मस फॅम्युलस’. बोनहोट नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. नोंदीसाठीचा नमुना कुन्नूरचा होता. फॅम्युलस या लॅटिन शब्दाचा अर्थ सेवक किंवा नोकर! आपल्या घरातला उंदीर म्हणजे ‘मस मस्क्युलस’. म्हणजे बघा, दोघांचं पहिलं नाव एकच. एकाच घराण्यातले हे दोघे. एक माणसाच्या मागोमाग जगभर पोहोचला, तर दुसरा पश्चिम घाटाचा दक्षिणेकडचा डोंगराळ भाग सोडून जगात कुठेच सापडत नाही. आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद ‘धोक्यात आलेली जाती’ अशी आहे.

आता १८९८ हे साल जरा आठवा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला होता आणि पुढे तो पुण्यातही पोहोचला. घरात उंदीर मरून पडला की लोक घर सोडून माळावर झोपड्यांत राहायला जायचे. उंदराची भीती आपल्याकडे उगाच आलेली नाही. आजही शेतकऱ्याच्या घरातलं मूल ‘उंदीर वाईट’ म्हणतं, तेव्हा त्याच्यामागे कणगीतलं गेलेलं धान्य असतं. त्याला खोटं पाडायचं नाहीच. प्रश्न एवढाच आहे की काही उंदरांचा दोष सगळ्या उंदरांच्या माथी मारायचा का?

हा प्रश्न फक्त वर्गातला नाही. तो कायद्यापर्यंत गेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी होती. तिच्यात ‘उंदीर’ सरसकट होते. कोणता उंदीर, कुठला उंदीर, असा भेद नाही. त्यामुळे कणगीत शिरणारा उंदीर आणि निलगिरीच्या जंगलातला हा दुर्मीळ उंदीर कायद्याने एकाच दावणीला बांधले गेले. एकीकडे लाल यादी म्हणते, जपा. दुसरीकडे कायदा म्हणतो, उपद्रवी. पुढे २०२२ च्या दुरुस्तीत ही यादीच काढून टाकली गेली. पण तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

म्हणून माझं मत असं, की परिसर अभ्यासात आपण नावं पाठ करून घेतो, त्यापेक्षा फरक ओळखायला शिकवणं जास्त गरजेचं आहे.

हेच ‘हिरवं’ या शब्दाबद्दल. निलगिरीत डोंगराच्या घळींमध्ये ‘शोला’ नावाची दाट जंगलं असतात आणि उतारांवर गवताळ कुरणं. धुक्याचं आणि पावसाचं पाणी ही जोडी धरून ठेवते, सावकाश झऱ्यांना देते. भवानी नदी याच डोंगरांत उगम पावते. एकोणिसाव्या शतकापासून इथे चहाचे मळे वाढले. गवताळ जागा रिकाम्या समजून तिथे बाहेरची निलगिरीची झाडं आणि वॅटल लावली गेली. (गंमत बघा, ज्या झाडाला आपण निलगिरी म्हणतो ते मूळचं ऑस्ट्रेलियाचं!) सहलीला गेलेल्या आपल्याला सगळं हिरवंगार दिसतं. पण चहाचा मळा म्हणजे जंगल नव्हे. शोलातल्या उंदराला लागतो तो पालापाचोळा, ती ओल, ते बी आणि ते किडे चहाच्या ओळींत कुठून मिळणार?

आपल्याकडेही पावसाळा आला की वृक्षारोपण होतं. जरूर करावं. पण खड्डा खणण्याआधी मुलांना एक प्रश्न विचारू या, ‘इथे आधीपासून कोण राहतं?’ कासचं पठार बघा. तिथे मोठी झाडं फारशी नाहीत, म्हणून ते ओसाड आहे का? २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कासही आहे.

आणि या सगळ्यासाठी पुस्तकाबाहेरचं फार काही लागत नाही. मी माझ्या चौथीच्या वर्गात फळ्यावर तीन नावं लिहिते. उंदीर, घूस, चिचुंद्री. मुलं म्हणतात, ‘बाई, तिन्ही उंदीरच!’ मग आम्ही दात आणि खाणं यावरून वेगळं करतो. उंदीर आणि घूस कुरतडणारे, त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. चिचुंद्री मुख्यतः किडे खाते, ती कुरतडणाऱ्यांच्या गटातली नाहीच. एवढं कळलं की मुलं स्वतःच विचारायला लागतात, ‘मग खार कोणाची?’ (खार कुरतडणाऱ्यांचीच, बरं का!) जगातल्या सस्तन प्राण्यांच्या जातींपैकी जवळजवळ ४० टक्के जाती कुरतडणाऱ्यांच्या आहेत. घुबड, साप, रानमांजर यांची पोटं याच छोट्या जिवांवर भरतात. वाघाचं चित्र भिंतीवर असायलाच हवं, पण त्याच्या पायाशी एक उंदीरही काढा ना!

पालकांनाही एक विनंती. मूल घरी येऊन म्हणालं की ‘आई, तो उंदीर नाही, चिचुंद्री आहे’, तर ‘असू दे, सगळं एकच’ असं म्हणून त्याला गप्प करू नका. त्याच्यासोबत दोन मिनिटं थांबून बघा. सगळं एकच असं आपण म्हणत राहिलो, तर उद्या जंगल आणि मळा हेही त्याला एकच वाटतील.