गावभर पत्रक की नावानिशी पत्र?

सोलापूर आणि तुळजापूर या दोन बाजारपेठांच्या दरम्यान, महामार्गाच्या कडेला आणि धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीलगत वसलेल्या तामलवाडीसारख्या गावी जो मनुष्य नवे दुकान थाटतो, मग ते कृषी सेवा केंद्र असो, जळालेल्या मोटारींचे रिवाइंडिंग करून देण्याचे असो, की लग्नाच्या बस्त्याचे कापड विकण्याचे असो, त्याच्यापुढे आपल्या धंद्याची वर्दी गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत कशी पोहोचवावी हा प्रश्न पहिल्या महिन्यातच उभा राहतो. सोलापूरच्या छापखान्यातून हजार-दोन हजार रंगीत पत्रके काढून ती तामलवाडी, सांगवी, काटी, सुरतगाव, माळुंब्रा या गावांत घरटी एक याप्रमाणे वाटून टाकावीत, ही एक वाट. आणि ज्यांना आपल्या मालाची गरज पडणार असे ठाऊक आहे, अशा दोन-अडीचशे कुटुंबप्रमुखांस त्यांच्या नावानिशी टपालाने पत्र धाडावे, ही दुसरी. पहिली वाट रुळलेली असल्यामुळे बहुतेक दुकानदार तीच धरतात आणि दरवर्षी धरीत राहतात. माझे मत असे की दुकान उघडताना एकदा गावभर पत्रक अवश्य फिरवावे, परंतु त्यानंतरचा खर्च नावानिशी पत्रावर करावा. आणि ती नावे दुसऱ्या कोणाच्या यादीतून न उचलता स्वतःच्या खतावणीतून काढावीत.

हा विचार मराठी मुलखाला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलनजीकच्या माळावर आपला कारखाना वसविला, तेव्हा लोखंडी नांगराने जमीन नासते अशी समजूत धरून बसलेला शेतकरी हेच त्यांचे गिऱ्हाईक होते. आणि अशी समजूत भिंतीवर रंगविलेल्या चार अक्षरांनी फिरत नाही. त्यांचे पुतणे शंकरराव, ज्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि जे कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहत असत, त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली ती मुळात कारखान्याशी व्यवहार असलेल्या मंडळींसाठी. त्याच रोपट्यातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले, १९३० साली ‘स्त्री’ आणि त्यानंतर ‘मनोहर’ निघाले, आणि महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनात त्या मासिकांनी आपले स्थान मिळविले, हा इतिहास सर्वपरिचित आहे. परंतु त्याचा व्यापारी अर्थ मात्र आपल्या दुकानदारांनी पुरेसा ध्यानी घेतलेला नाही. ओळखीच्या माणसाकडे कागद पाठवावयाचा, तर त्या कागदात भावापलीकडे त्याच्या उपयोगाचे काहीतरी असले पाहिजे, एवढे पथ्य शंकररावांनी सांभाळले म्हणून एका कारखान्याची खबर लोक जपून ठेवू लागले. गावभर उधळलेल्या पत्रकावर असे पथ्य पाळण्याची सक्ती नसते, कारण ते कोणा एकाला उद्देशून लिहिलेलेच नसते.

तामलवाडीकरांना तर यादीचे महत्त्व सांगण्यासाठी कुंडलपर्यंत जाण्याचेही कारण नाही. तुळजापुरात भवानीच्या दर्शनास येणाऱ्या घराण्यांचे पुजारी परंपरेने ठरलेले असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे, गावे आणि कुळे नोंदविलेली असतात, आणि दूरदेशीचा यजमान दारात उभा राहिला की त्याच्या पणजोबाचे नाव त्या वहीतून निघते. यजमान कोण, तो कोठला, मागे केव्हा आला आणि कोणत्या कार्यासाठी आला, ही माहिती ज्याच्या दफ्तरी आहे त्याला अवघ्या पंचक्रोशीत दवंडी पिटण्याचे प्रयोजन उरत नाही. दुकानदाराच्या उधारीच्या वहीत याहून निराळे काय असते? कोणी कोणत्या महिन्यात किती अश्वशक्तीची मोटार भरून नेली, कोणी द्राक्षबागेसाठी ठिबकचे साहित्य घेतले, कोणाच्या घरी पुढल्या वर्षी लग्न आहे, हे सारे त्या वहीत नोंदलेले असते किंवा वही लिहिणाऱ्याला तोंडपाठ असते. ते ज्ञान पडून राहते आणि त्याच वेळी दुकानदार छापखान्यात हजारांच्या हिशेबाने पैसे मोजतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गावभर वाटपाची जी पद्धत अमेरिकेत रूढ आहे तिचा येथे पुष्कळदा दाखला दिला जातो. तेथील टपाल खात्याने २०११ पासून अशी सोय केली आहे की दुकानदाराने नकाशावर टपालवाल्याची एक फेरी निवडावी, आणि त्या फेरीवरील प्रत्येक दारी, नावपत्त्यावाचून, त्याचे पत्रक पोहोचते व्हावे. शहरी वस्तीत, जेथे एका फेरीवरील घरे साधारणतः एका आर्थिक थरातील असतात, तेथे ही योजना शहाणपणाची आहे. परंतु आपल्याकडे श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो सहा आकडी पिन कोड अमलात आला, त्याचे शेवटचे तीन आकडे वितरण करणाऱ्या टपाल कार्यालयाचे निदर्शक असतात, आणि ग्रामीण भागात अशा एका कार्यालयाखाली कित्येक गावे, वाड्या आणि वस्त्या येतात. त्या एका आकड्याच्या पोटात बागाईतदार, कोरडवाहू सोयाबीन-तुरीवर गुजराण करणारा अल्पभूधारक, महामार्गावरील ढाबेवाला आणि सोलापुरास रोजाने कामास जाणारा मजूर, असे सर्वच सामावलेले असतात. ज्या पत्रकाचा विषय पाणबुडी मोटारीची दुरुस्ती हा आहे, ते विहीर वा बोअर नसलेल्या घरात टाकणे म्हणजे कागदही वाया आणि माणसाचे लक्षही वाया.

उलटपक्षी, धंद्याची खरी व्याप्ती शासकीय हद्दींनी बांधलेली नसते. १९४७ पर्यंत सोलापूर इंग्रजी अमलाखाली होते आणि तामलवाडी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद संस्थानाचे टपाल निराळे, तिकिटेही निराळी. ती सरहद्द इतिहासजमा झाली, पण तिच्या जागी जिल्ह्याची हद्द राहिलीच, आणि तामलवाडीच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक या हद्दीच्या दोन्ही बाजूंना राहते. गावनिहाय वाटप करणारा मनुष्य आपली गावे मोजून थांबतो. खतावणीतून पत्ते काढणाऱ्याला पलीकडच्या उत्तर सोलापूर तालुक्यातील गिऱ्हाईकही आठवते. (जाता जाता एक सूचना: २०२३ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव झाले आहे, तेव्हा जुने शिक्के आणि जुन्या छापील चिठ्ठ्या एकदा तपासून घ्याव्यात.)

नावानिशी पत्र म्हणजे खर्चाचे काम, हा समज टपालाचे दर न पाहिल्यामुळे रूढ झाला आहे. साध्या पोस्टकार्डास आजही ५० पैसे पडतात, मजकूर छापलेल्या पोस्टकार्डास मात्र ६ रुपये. वीस ग्रॅमपर्यंतच्या लिफाफ्यास ५ रुपये. म्हणजे दोनशे गिऱ्हाइकांना हाताने लिहिलेली कार्डे धाडण्यास टपालखर्च शंभर रुपये, तीच छापून धाडली तर बाराशे. दर ठरविणाऱ्यांचा हेतू काहीही असो, त्याचा परिणाम असा की जो दुकानदार स्वतः, किंवा घरातल्या सुवाच्य अक्षराच्या मुलीकडून, रोज दहा-पंधरा कार्डे लिहवून घेईल, त्याला टपाल खाते बारापट सवलत देत आहे. आणि हस्ताक्षरातील कार्ड वाचले जाते. त्यावर ‘माननीय ग्राहक’ असे लिहू नये. ज्याला दुकानात आपण तात्या म्हणतो त्याला कार्डातही तात्याच म्हणावे, आणि ‘स. न. वि. वि.’ झाल्यावर दोन ओळींत मुद्द्यास यावे: ‘गेल्या ज्येष्ठात आपली साडेसात अश्वशक्तीची मोटार भरून दिली होती, बागेची छाटणी सुरू होण्यापूर्वी एकदा बेअरिंग तपासून घ्यावे, तपासणीचे पैसे घेणार नाही.’ पोस्टकार्ड उघडे असते, ते पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शकतो, म्हणून त्यावर उधारीचा आकडा कदापि लिहू नये; थकबाकीची आठवण द्यावयाचीच तर ती लिफाफ्यातून द्यावी, कारण चारचौघांत गेलेली अब्रू पुढल्या हंगामातील सवलतीने भरून निघत नाही.

पत्ता लिहिताना एक अडचण येते ती खेड्याची स्वाभाविक अडचण आहे. एकाच आडनावाची वीस घरे आणि त्यांत एकाच नावाचे तिघे, अशा गावात नावापुढे वडिलांचे नाव, वस्तीचे वा मळ्याचे नाव आणि शक्य तर ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठमधील घर क्रमांक घातल्यावाचून पत्र योग्य दारी जाईलच असे नाही. त्यासाठी पावती फाडतानाच गिऱ्हाइकाला पूर्ण पत्ता विचारावा, तो कशासाठी हवा हे सांगावे, आणि त्याने नको म्हटल्यास आग्रह धरू नये.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शहरांत माणसांच्या नावांच्या, क्रमांकांच्या आणि सवयींच्या याद्या खरेदी-विक्रीस असतात. त्यांच्या उपद्रवामुळेच दूरध्वनीवरील अवांछित जाहिरातींविरुद्ध नोंदवही काढावी लागली, आणि २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, ज्याचा गाभा संमती हा आहे. हा कायदा संगणकावरील माहितीचा आहे, दुकानातल्या कागदी वहीचा नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. परंतु मतदारयादी, शिधापत्रिकेची यादी, पतसंस्थेतील खातेदारांची यादी, यांतून ओळखीच्या कारकुनाकरवी नावे उतरवून घेण्याची जी चाल खेड्यांतही शिरते आहे, ती सरळसरळ विश्वासघाताची आहे. ज्याने आपल्याशी कधी व्यवहार केला नाही, त्याच्या घरी त्याच्या नावाने पत्र टाकण्याचा अधिकार आपणास कोणी दिलेला नाही. पत्त्यावाचून टाकलेले पत्रक या बाबतीत अधिक सभ्य ठरते, कारण ते कोणाविषयी काहीच जाणत नाही. पण संमतीचा प्रश्न त्यालाही सुटलेला नाही: ॲम्स्टरडॅमसारख्या शहराने तर २०१८ पासून, ज्या दारावर ‘हो’ अशी चिठ्ठी असेल तेथेच बिनपत्त्याची जाहिरात टाकावी, असा नियम केला.

मग गावभर पत्रकाचे काम कोणते? जेथे विषयच प्रत्येक घराचा आहे तेथे ते अपरिहार्य आहे: पिण्याच्या पाण्याचे केंद्र, पिठाची गिरणी, आठवड्यातून एक दिवस येणारा डोळ्यांचा डॉक्टर, नवी शिकवणी. आणि आणखी एक कारण आहे, जे माझ्या मतावरचे सर्वांत मोठे बंधन होय. खतावणी ही मागील व्यवहारांची नोंद असते, आणि मागील व्यवहारांत ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले गेले, उधारी नाकारली गेली, किंवा ज्यांच्या वस्तीकडे दुकानदाराचे पाऊलच वळले नाही, त्यांची नावे तीत सापडणार नाहीत. केवळ खतावणीवर विसंबणारा दुकानदार नकळत गावातील जुनीच कुंपणे पुन्हा उभारतो. म्हणून वर्षातून एकदा, मृगाच्या आधी किंवा दसऱ्याच्या तोंडावर, पत्रक घरटी फिरवावेच, आणि फिरवताना ते पेठेतल्या गल्लीपाशी न थांबता दलित वस्तीत, शेतातील वस्त्यांवर आणि तांड्यांवरही त्याच अगत्याने जावे. वाटपाला लावलेली मुले लांबची घरे टाळतात आणि उरलेला गठ्ठा पुलाखाली जातो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यावर देखरेख दुकानदाराने स्वतः करावी.

आश्विनी पौर्णिमेस सोलापूरकडून तुळजापूरला पायी जाणारा जो जनसमुदाय या रस्त्याने लोटतो, त्याला दोन्ही वाटांचा उपयोग नाही. त्याच्यासाठी स्वच्छ पाण्याची टाकी आणि ठसठशीत पाटी पुरे.

कोणत्या वाटेने किती गिऱ्हाईक आले हे मोजल्यावाचून दोहोंची तुलना करणे व्यर्थ आहे, आणि मोजणे अवघड नाही. पत्रकाच्या कोपऱ्यावर एक खूण आणि कार्डावर दुसरी खूण असावी, कागद घेऊन येणाऱ्यास लहानशी सूट द्यावी, आणि त्या दिवसाच्या कीर्दीत खूण नोंदवावी. मोजणी एका आठवड्यात आटोपू नये. सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, शेतकरी मोठी खरेदी करीतच नाही, आणि श्रावणात धाडलेले कार्ड कार्तिकात फळास येते.

टपाल खात्याकडेही एक मागणी आहे. बिनपत्त्याचे जाहिरातपत्रक घरोघर पोहोचविण्याची ‘डायरेक्ट पोस्ट’ ही योजना खात्यापाशी आहे, परंतु तिची रचना मोठ्या व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यांचा विचार करून झालेली आहे. अमेरिकेत छोटा दुकानदार २०० पत्रकांपासून ही सोय घेऊ शकतो. तशीच सोय आपल्या शाखा डाकघराच्या खिडकीवर, एका गावापुरती, रोख पैसे घेऊन व्हावी. ग्रामीण डाक सेवकाचा मोबदला रोजच्या चार किंवा पाच तासांच्या कामाच्या मानाने ठरतो. या अधिक वाटपाचा प्रतिपत्रक निराळा मेहनताना त्याला मिळावा, कारण दूरच्या वस्तीवरचे कोणते घर कोणाचे आहे हे गावात त्याच्याइतके खात्रीने क्वचितच कोणास ठाऊक असते.