पिलांना हाताची ओळख

खालापूर तालुक्यांत, शिळफाट्याच्या आसपासच्या ठाकर-कातकरी वाड्यांतून कोंबड्यांचें खुराडें हें घराचेंच एक अंग असतें. तेथील पोर पिलूं सहज उचलतें आणि पिलूंही फारसें बिचकत नाहीं. आमच्या वाचकांच्या घरीं बहुधा कोंबडीं पाळण्याची चाल नाहीं. तरीही जत्रेंतून रंगविलेलें पिलूं मूल हट्टानें घरीं आणतें, दोन दिवस कुरवाळतें, आणि तिसऱ्या दिवशीं तें मेलेलें आढळतें. यांत मुलाची माया कमी पडते असें नाहीं. त्याला धरण्याची रीत कोणी सांगितलेली नसते.

पिलाला मनुष्याचें भय कधीं वाटूं लागतें, याचा शोध डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निरीक्षकानें घेतला होता. १८७३ सालीं त्यानें लिहिलें कीं, नुकतीं जन्मलेलीं पिलें कोणत्याही हलत्या वस्तूच्या मागें धांवतात. परंतु डोळ्यांवर टोपी घालून सुमारें चार दिवस झांकून ठेवलेलीं पिलें टोपी काढतांच मनुष्यापासून दूर पळालीं. तात्पर्य, ओळखीचा काळ पहिल्या थोड्या दिवसांचाच.

मात्र ओळख म्हणजे सारखें हाताळणें नव्हे. पहिला दिवस पिलांस उबेंतच राहूं द्यावें. पुढें पेटीशेजारीं खालीं बसून हळू बोलावें व तळहातावर तांदळाची कणी ठेवावी. हात वरून नेऊं नये. वरून येणारी छाया म्हणजे घार, हें पिलाच्या रक्तांतच असतें. बाजूनें दोन्ही हात नेऊन, पायांस आधार देऊन उचलावें. पक्ष्यास आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचें हाड हलवूनच तो श्वास घेतो. म्हणून प्रेमानें घट्ट आवळलेलें पिलूं गुदमरून मरूं शकतें. प्रारंभीं दोन-तीन मिनिटें पुरे. लगेच त्यास उबेंत परत ठेवावें.

ही ऊब पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश सेंटिग्रेड असावी, व पुढें दर आठवड्यास सुमारें ३ अंशांनीं कमी करावी. पिलें दिव्याखालीं दाटीनें गोळा झालीं तर त्यांस थंडी वाजते. दूर जाऊन चोंची उघडीं ठेवून धापा टाकूं लागलीं तर उकडतें. घाटाच्या पायथ्याच्या पावसांत ओल हा मोठा शत्रू. अंथरूण कोरडें ठेवावें. एकटें पिलूं ओरडून झुरतें, म्हणून निदान दोन असावींत.

पांच वर्षांखालील मुलांच्या हातीं पिलूं देऊं नये. इतरांनींही वडिलधाऱ्यांच्या देखरेखीखालींच धरावें. पिलास हात लावल्यावर साबणानें हात धुवावे व त्याचा मुका घेऊं नये. निरोगी दिसणाऱ्या पिलांतूनही पोटाचे रोग होतात.

शेवटचा प्रश्न घरांतील वडीलमंडळींचा आहे. अंड्यांसाठीं कोंबड्या निपजविणाऱ्यांस नर पिलांचा उपयोग नसतो. जत्रेंत रंगवून विकलीं जातात तीं बहुधा हींच. थोड्याच महिन्यांत तें कोंबडा होऊन पहांटे आरवूं लागेल. तेव्हां त्यास कोणाच्या दारांत सोडणार? मुलानें लावलेला लळा आपणच तोडावयाचा असेल, तर तें दुःख मुलाला जन्मभर बोचेल. म्हणून पिलूं विकत घेण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून त्याच्या सबंध आयुष्याचा विचार करावा. उत्तर नाहीं असें आलें, तर तें मुलाला स्पष्ट सांगावें. दया शिकविण्याचा तोही एक धडाच आहे.