बावीस नाक आणि एक येसकर

दोस्तहो, आमच्या वस्तीतल्या एका पोरानं चौकात फ्लेक्स लावला. वर बाबासाहेब, मधी भीमा कोरेगावचा खांब, खाली त्याचं आडनाव आणि मोठ्या अक्षरात 'शूरवीरांचे वंशज'. मी विचारलं, बाबा रे, कोणता शूरवीर? नाव काय त्याचं? तो म्हन्ला, नाव कशाला पायजे, आपन समदे त्यांचेच.

मला राग आला. पण अर्धा राग माझा माझ्यावरच होता. कारण तोच शोध मी दोन वर्षं चोरून करत होतो.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. शाळा नववीत सुटली. तुटलेलं सूत दिसलं की माझं बोट आपोआप तिकडं जातं, आठ तास हेच काम. पण या सुताचं दुसरं टोकच घावंना. पाटलाच्या वाड्यावर भाट येतो, पोथी उघडतो, चौदा पिढ्या घडाघडा म्हणतो. आमच्या म्हारवाड्यात कोण भाट आला? माझ्या आज्ज्याच्या आज्ज्याचं नाव घरात कुणाला ठाऊक नाही.

म्हणून 1 जानेवारीला पेरण्याला गेलो. गर्दीत रेटारेटी करत खांबाच्या पाटीपाशी पोचलो आणि बोट फिरवत नावं वाचली. 49 नावं. त्यातली 22 'नाक' लावलेली. नाक म्हणजे आपला माणूस, त्या काळची ती खूण. पण त्या नाकांना गाव नाही, आडनाव नाही, बायकापोरं नाहीत. त्यात माझा कोण? मागनं लोक ओरडत होते, चला चला पुढं व्हा.

नंतर मिळेल ते वाचलं. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून निघाला. बरोबर आठशेच्या आसपास माणसं, त्यात पाचेकशे मुंबई पायदळाची. ते पाचशेच्या पाचशे महार नव्हते. मराठे होते, मुसलमान होते, यहुदी होते. पेशव्याची फौज 28 हजाराची म्हणतात, पण गावात घुसून प्रत्यक्ष लढली ती दोनेक हजार, आणि त्यात बरेचसे अरब. हे मी व्यासपीठावरनं सांगितलं तर आपलेच कार्यकर्ते मला खाली ओढतील. ओढा. पण आपल्याला खोट्याचा टेकू कशाला पायजे? रात्रभर चालून आलेली माणसं दिवसभर पाण्यावाचून लढली. आठशेतली 275 मेली, जखमी झाली नाहीतर बेपत्ता झाली. रात्री पेशव्याची फौज निघून गेली. एवढं खरं पुरत नाही का?

आणि एक कडू गोष्ट. मुंबई पलटणीतले महार बरेचसे कोकणातले. आमचा धाराशिवचा मुलूख तेव्हा निजामाच्या अमलातला. नळदुर्गावर इंग्रज आला तो 1853 ला, आणि 1860 ला मुलूख निजामाला परत देऊन गेला. म्हणजे त्या बावीसात माझा बाप सापडायची आशा जवळजवळ नाहीच.

आता ते दुसरे. दर जानेवारीला त्यांच्या तोंडी एकच, महार इंग्रजाच्या बाजूनं लढले, देशाशी गद्दारी केली. कुठला देश रे? ज्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला खराटा होता, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, तो देश? पेशव्याकडनं लढलेल्या अरबाला कुणी विचारलं का तुझा देश कोणता? कंपनीच्या बाजूनं पूना हॉर्सचे देशी घोडेस्वार त्याच दिवशी लढले, त्यांच्या वंशजाला कुणी गद्दार म्हन्तं का? जाब फक्त नाकाला. 2018 साली दोनशे वर्षं भरली तेव्हा जाबाच्या जागी दगड आले.

ते म्हन्तात पगारासाठी गेले. हो, पगारासाठीच गेले! ज्याला जन्मभर शिळ्या तुकड्यावर राबवलं त्याच्या हातात महिन्याच्या महिन्याला रोख रुपये पडले. अंगात डगला आला. छावणीत त्याची पोरं शाळेत बसली. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते, आणि त्यांच्या घरात कोण जन्मलं ते तुम्हाला मी सांगू? राजीखुशीनं भरती झाले म्हन्तात. ज्याच्या एका बाजूला वेठ आणि दुसऱ्या बाजूला बंदूक, त्याची खुशी कसली मोजता?

पण दोस्तहो, आपणही एक भूल करतोय. आपण म्हणतो आमची लढाऊ जात. हा शब्द कुणाचा? साहेबाचा. लढाऊ कोण आणि बिनलढाऊ कोण, ही यादी त्यानं केली. आणि 1892-93 च्या सुमाराला त्याच यादीतनं आपल्याला खोडून भरतीचं दार लावून घेतलं. कोरेगावला 75 वर्षंसुद्धा धड झाली नव्हती. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर फौजी, 1894 ला अर्ज लिहितात की आम्ही मूळचे क्षत्रिय. शिवराम जानबा कांबळे 1910 ला थेट विलायतेच्या मंत्र्याला लिहितात. त्यांच्यापुढं माझी मान खाली. पण अर्ज तो अर्जच. 1930 ला गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजाला तोंडावर विचारलं, लष्कराचं दार आम्हाला उघडं आहे का?

आमच्याकडचे म्हातारे अमृतनाकाची कथा सांगायचे. त्यानं बिदरच्या बादशहाची इमानानं चाकरी केली, म्हणून महारांना बावन्न हक्क मिळाले. हक्क कसले? मेलेलं ढोर ओढायचे, दारोदार भाकर मागायचे. धन्यासाठी जीव टाकायचा आणि धन्यानं तुकडा टाकायचा. बिदरचा धनी असो नाहीतर कंपनीचा. मग आपण खांबावर इमान शोधतोय का माणूस?

बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला खांबापाशी गेले. मार्चमधी चवदार तळ्यावर. डिसेंबरात मनुस्मृती जाळली. त्याच वर्षात! ते खांबाशी घुटमळले नाहीत. आपण 1 जानेवारीला जातो आणि 2 तारखेला फोटो टाकतो.

शेवटी आज्जीला विचारलं. आज्जी, आपल्यात कोण पलटणीत होतं का?

"पलटन कुठली लेकरा. माझ्या सासऱ्याचा बाप येसकर हुता. काठी घिऊन येशीवर बसायचा. सायेब, तालुकदार आला की त्याची पेटी डोईवर घिऊन फुडल्या गावापतूर पळायचा. थंडीत, पावसात. पायात काय न्हाई."

नाव काय त्याचं?

"सासूनं कवाच नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई, तिच्या सासूनं बी न्हाई. बाईनं घिऊ न्हाई म्हन्त्यात. गाव नुस्तं येसकर म्हनायचं. मग मला कुठनं कळंल?"

असं ते नाव गेलं. बायकोनं घ्यायचं नाही आणि गावानं घेतलं नाही. त्याच्यापेक्षा ते बावीस नशिबाचे, मेल्यावर का होईना दगडात आले. त्यांच्या बायकांची नावं मात्र तिथंही नाहीत.

त्या येसकराचा पोरगा, म्हणजे आज्जीचा सासरा, फेब्रुवारी 1941 ला कसबे तडवळ्याला चालत गेला होता. तिथं महार-मांगांची वतनदार परिषद होती आणि बाबासाहेब येणार होते. आज्जी सांगते, आल्यावर त्यानं बापाची काठी चुलीत घातली आणि दुसऱ्या दिवशी पाळीला गेला नाही. गावानं महिनाभर पीठ, मीठ बंद केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब घेऊन. बिल्ल्याचं मला कौतुक आहे. पण चुलीत जळलेली ती काठी कुठल्या बिल्ल्यावर नाही.

हे सगळं मी फ्लेक्सवाल्या पोराला सांगितलं. म्हन्लं, यंदा तुझ्या घरातला येसकर कोण होता ते काढ आणि तेच लिही फ्लेक्सवर, मी अर्धे पैसे देतो. तो हसला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हन्ला, "येड लागलंय का तुला? बहिनीचं लगीन जमवायचंय अजून."